काळ्या पाषाणाखालची थकबाकी

अवसरी बुद्रुक आणि अवसरी खुर्द ही आंबेगाव तालुक्यातील, मंचरपासून थोड्याच अंतरावरची दोन गावे. थोरली ती बुद्रुक आणि धाकटी ती खुर्द, असा फारसी दप्तराचा निवाडा कोणा जुन्या कारकुनाने करून ठेवला. पुढे पेशवाई गेली, इंग्रजी गेली, पण महसुलाच्या कागदांतून तो निवाडा काही पुसला गेला नाही. या थोरल्या अवसरीच्या शिवारात विहीर खणावयास घेतली म्हणजे प्रथम काळी माती लागते, मग मुरूम, मग पहारीला दाद न देणारा काळा पाषाण, आणि पुरेसे खोल गेल्यास दोन पाषाणांच्या मध्ये कोठे कोठे हात-दीड हात जाडीचा, गेरूसारखा तांबडा थर उघडा पडतो. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीला भेगा पडून त्यांतून तप्त लाव्हा वाहिला, थिजला, त्यावर काही काळ ऊनपाऊस झाला, त्याच्या पृष्ठभागाची माती झाली, आणि तेवढ्यात दुसरा लोंढा येऊन त्याने ती माती भाजून काढली; ती भाजलेली माती म्हणजे हा तांबडा थर. भाकरीवर भाकरी रचून चवड करावी तसे हे लाव्ह्याचे थर सह्याद्रीच्या पूर्वेकडील पठारावर जवळजवळ आडवे पसरलेले आहेत, आणि त्यांच्या या आडवेपणामुळेच आपल्या प्रांताची जमीन अचल आहे, भूकंप म्हणजे हिमालयाकडचे किंवा जपानकडचे दुखणे, अशी एक समजूत दोन-तीन पिढ्यांपूर्वीपर्यंत शाळामास्तरांपासून सरकारी इंजिनिअरांपर्यंत सर्वांची होती.

अशाच एका नव्या विहिरीच्या काठावर उभा असताना विहिरीच्या मालकाने मला तळाकडे बोट करून विचारले होते, "मास्तर, ती उभी चीर पाहिलीत? तिच्यातूनच झरा लागलाय. पण गावातली म्हातारी माणसं म्हणतात, धरणीकंप असल्या चिरीतून येतो. खरं का?" प्रश्न अडाणीपणाचा मुळीच नव्हता. भूशास्त्राच्या विद्यार्थ्यास पहिल्या वर्षी जो भेद शिकवावा लागतो, नेमका त्याच भेदापाशी तो मनुष्य येऊन उभा राहिला होता.

खडकाला चीर पडणे वेगळे आणि चिरीच्या दोन्ही अंगांचे खडक एकमेकांवरून सरकणे वेगळे. लाव्हा निवताना आकसतो आणि आकसताना उकलतो, जसे उन्हाळ्यात तळ्याचे सुकलेले पात्र उकलते. अशा चिरींना भूशास्त्रात सांधे म्हणतात, आणि दख्खनच्या शेतकऱ्याचे अर्धे पाणी याच सांध्यांतून येते. मात्र चिरीच्या अलीकडचा आणि पलीकडचा खडक आपापल्या जागेवरून हलला असेल, मग ती हालचाल बोटभर असो वा मैलभर, तर त्या चिरीला प्रस्तरभंग म्हणावयाचे. दोहोंतला फरक ओळखण्यास विहिरीतील तांबड्या थरासारखा साक्षीदार नाही. चिरीच्या डाव्या अंगाला तो थर कमरेशी आणि उजव्या अंगाला गुडघ्याशी दिसला, तर मधल्या वीतभर-दोन वितींचा हिशेब जमिनीने कधी तरी चुकता केलेला आहे, हे उघड झाले. आणखीही एक खूण असते. सरकलेल्या चिरीचे तोंड हाताला सहाणेसारखे गुळगुळीत लागते आणि त्यावर, वरवंटा वर्षानुवर्षे एकाच दिशेने फिरल्यावर पाट्यावर पडाव्यात तशा, समांतर रेघा उमटलेल्या असतात. रेघांची दिशा हीच सरकण्याची दिशा. फटीत पुष्कळदा खडकाचे पीठ सापडते, कारण दोन पर्वतप्राय खंड एकमेकांवर घासले म्हणजे मधल्या दगडाची अवस्था जात्यात सापडलेल्या दाण्याहून निराळी होत नाही. त्या विहिरीतला तांबडा थर चारी बाजूंनी सरळ, एका पातळीत गेलेला होता. "ही चीर पाण्याची आहे, धरणीकंपाची नव्हे," एवढे मी त्याला सांगितले, आणि त्याचे समाधान झाले. माझे मात्र अर्धवटच झाले, कारण विहीर पाचपन्नास फुटांची आणि ज्या प्रस्तरभंगांनी महाराष्ट्राला हादरविले ते त्या फुटांच्या हिशेबात कधीच बसले नाहीत.

प्रस्तरभंगाचे प्रकार शालेय भूगोलात पाठ केलेले असतात, ते येथे तीन वाक्यांत उरकतो. जमीन ताणली गेली तर तिरक्या चिरीवर रेललेला खंड खाली घसरतो आणि अशा जोडीमधली भूमी खचून खचदरी होते. जमीन दाबली गेली तर तोच खंड उलट चिरीवरून वर चढतो. आणि दोन खंड शेजारून विरुद्ध दिशांना ओढले गेले तर उंची-खोली न बदलता, शेजारच्या रुळांवरून आगगाडीचे डबे एकमेकांशेजारून जातात तसे, ते आडवे सरकतात. महाराष्ट्राच्या नशिबी गेल्या साठ वर्षांत यांपैकी शेवटचे दोन आले. आडवे सरकणे कोयनेस झाले, वर चढणे किल्लारीस.

पण सरकणे झटक्यासरशी का होते, हे कळल्याखेरीज या प्रकारांच्या नावांत काही अर्थ नाही. ज्यांचे बालपण जुन्या वाड्यात गेले त्यांना पावसाळ्यात फुगून बसलेले दार आठवत असेल. दार ढकलावे, ते हलत नाही. अधिक ढकलावे, फळ्या किंचित वाकतात, बिजागरी कुरकुरते, पण चौकटीत घट्ट बसलेली कड सुटत नाही. आणि मग एका क्षणी, त्याआधीच्या क्षणाहून फारसा जास्त जोर लावलेला नसताना, कड सुटते, दार धाडकन उघडते आणि ढकलणारा दारासह आत जातो. खडकाचे असेच आहे. खडक लवचीक असतो, हे ऐकून सामान्य वाचकास नवल वाटेल. परंतु शेकडो मैल पसरलेला, मैलोगणती जाडीचा खडक अत्यंत सावकाश वाकतो, वाकलेल्या अवस्थेत वर्षानुवर्षे राहतो, आणि चिरीच्या तोंडाशी असलेले घर्षण जोवर त्याला धरून ठेवते तोवर ही वाकलेली शक्ती त्याच्या अंगात थकबाकीसारखी साचत जाते. थकबाकीची मुदत भरली की घर्षण हरते. वाकलेला खडक ताठ होऊ पाहतो, चिरीची दोन्ही अंगे काही सेकंदांत सरकतात, आणि शतकानुशतके साचलेली रक्कम एकाच रात्री सव्याज वसूल होते.

हा विचार शास्त्रात प्रथम नीट मांडला तो हॅरी फील्डिंग रीड या अमेरिकन पंडिताने, आणि त्याचा पुरावा त्याला सापडला तो शेताच्या कुंपणांत. १८ एप्रिल १९०६ रोजी सॅन फ्रान्सिस्को शहराचा विध्वंस करणारा भूकंप झाला. सॅन अँड्रियास नावाच्या प्रस्तरभंगाची चारशे किलोमीटरांहून अधिक लांबी त्या पहाटे उकलली, आणि तिच्यावरून गेलेली कुंपणे, रस्ते व ओढे तुटून काही ठिकाणी वीस फुटांच्या आसपास बाजूला गेले. सरळ रेषेत घातलेले कुंपण दोन तुकड्यांत, एकमेकांस समांतर, पण एक येथे आणि एक तेथे! भूकंपापूर्वी अर्धशतकाच्या अवधीत त्या मुलखाची दोनदा सरकारी मोजणी झालेली होती. रीडने ती जुनी दप्तरे नव्या मोजणीशी ताडून पाहिली, तेव्हा भूकंपाच्या कित्येक वर्षे आधीपासूनच चिरीपासून दूरचे प्रदेश संथपणे सरकत होते आणि चिरीजवळची जमीन मात्र अडकून वाकत होती, हे स्पष्ट झाले. १९१० साली प्रसिद्ध झालेला त्याचा हा सिद्धान्त आजही मुळात तसाच ग्राह्य आहे. आपल्याकडे बांध सरकण्यास भूकंप लागत नाही, शेजाऱ्याचा नांगर पुरतो, आणि म्हणूनच मोजणी खात्याच्या नकाशाचे मोल आपल्या शेतकऱ्यास अमेरिकन शेतकऱ्याहून काकणभर अधिकच ठाऊक आहे. रीडची ही कथा अवसरीच्या पारावर सांगितली तर सिद्धान्ताआधी मोजणीच कोणी केली याची चौकशी होईल, यात मला शंका नाही.

आता, ढकलणारा कोण? भारतीय उपखंडाचा अखंड शिलापट्ट वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर, म्हणजे तीन बोटांच्या रुंदीएवढा, ईशान्येकडे सरकतो आहे आणि उत्तरेस तो आशियाखाली घुसू पाहतो आहे. तीन बोटे ऐकावयास क्षुल्लक वाटतात. परंतु जुन्नरच्या पश्चिमेस नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहनांच्या राणीने, नागनिकेने, लेख कोरविला त्यास दोन हजार वर्षे झाली. तेवढ्या काळात ते लेणे, तो घाट, खालचे कोकण आणि वरचे पठार असे सगळेच शंभर मीटरांच्या आसपास पुढे गेले. १६३० साली शिवनेरीवर शिवजन्म झाला, तेव्हापासून आजतागायत तो किल्ला सुमारे वीस मीटर, म्हणजे एका बऱ्यापैकी चाळीच्या लांबीइतका, चालला आहे. सर्वजण एकत्र चालतात म्हणून चालणे कोणास कळत नाही. हिमालयाच्या पायथ्याशी मात्र वाट अडलेली आहे, आणि तेथल्या धडकेचा दाब हजार-बाराशे किलोमीटरांवरच्या दख्खनपर्यंत, गर्दीत पुढचे थांबले म्हणजे मागच्यांच्या बरगड्या दाबल्या जाव्यात तसा, पोचतो. सर्व उपखंडाच्या खडकात तो दाब अष्टौप्रहर आहे. जेथे खडक अखंड आहे तेथे तो निमूटपणे सोसला जातो. जेथे पूर्वी कधी तरी भंगलेला आहे तेथे जुनी जखम पुन्हा उघडते. नव्याने खडक फोडण्यापेक्षा जुनी चीर सरकविणे भूमीला स्वस्त पडते.

आणि या जुन्या चिरी आहेत कोठे? दख्खनच्या काळ्या पाषाणाखाली. आपण ज्याला जमीन म्हणतो ती येथे केवळ झाकण आहे. त्याखाली दोन-अडीच अब्ज वर्षांचा ग्रॅनाइटसारखा अतिप्राचीन खडक पसरलेला आहे, आणि लाव्हा येण्यापूर्वीच्या अफाट काळात त्याने जे ताण सोसले, जे भंग पावले, त्यांवर लाव्ह्याने येऊन जाजम अंथरले. जाजम सपाट दिसते म्हणून खालची फरशी फुटलेली नाही असे कोणी समजू नये. आम्ही मात्र शंभर वर्षे तसेच समजत आलो.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी हा समज फिटला. कोयनेच्या धरणाजवळ, सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यात, ६.३ प्रतीचा भूकंप झाला. कोयनानगरची वसाहत आणि आसपासची दगडमातीची घरे कोसळली, पावणेदोनशेच्या वर माणसे दगावली, मुंबईचा वीजपुरवठा खंडित झाला, आणि १०३ मीटर उंचीच्या धरणाच्या भिंतीला वरच्या भागात आडव्या भेगा पडल्या. भिंत टिकली, ती पुढे पाठीमागून टेकू देऊन बळकट करण्यात आली, आणि त्या एका गोष्टीसाठी त्या काळच्या स्थापत्यशास्त्रज्ञांचे ऋण सातारा-सांगलीच्या नदीकाठाने मानले पाहिजे. पाहणीस गेलेल्या भूवैज्ञानिकांना दोनाचीवाडा परिसरात जमिनीवर भेगांची एक ओळ आढळली, उत्तरेकडून थोडी पूर्वेस झुकलेली. कंपनांच्या नोंदींवरून खोलवरचा खडकही त्याच सुमाराच्या दिशेने, जवळजवळ उभ्या चिरीवर, आडवा सरकल्याचे निष्पन्न झाले. तो दोनाचीवाडा प्रस्तरभंग. एका खेडेगावाच्या वाडीचे नाव जगभरच्या भूकंपशास्त्राच्या ग्रंथांत जाऊन बसले, ते असे.

या धक्क्याचा एक हिशेब अवसरीच्या वाचकासाठी मांडून दाखवितो. कोयनानगर ते अवसरी हे सरळ रेषेतले अंतर पावणेदोनशे किलोमीटरांच्या आसपास भरते. प्रस्तरभंग सरकताच दोन जातींच्या लहरी निघतात: एक खडकाला पुढेमागे दाबत-सोडत सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर वेगाने जाणारी, दुसरी त्याला आडवे हलवीत साडेतीन किलोमीटरांच्या वेगाने मागून येणारी. म्हणजे पहिलीस येथवर यावयास अर्धे मिनिट आणि दुसरीस पन्नास सेकंद. दोहोंमधल्या या वीस सेकंदांवरून धक्क्याचे अंतर मोजता येते. भूकंपमापनाची सारी यंत्रविद्या याच फरकावर उभी आहे. स्वतः चीर मात्र लहरींच्या मानाने थोडी सावकाश, सेकंदाला दोन-तीन किलोमीटर, उकलत जाते. सबंध प्रस्तरभंग एकाच क्षणी सरकतो असा पुष्कळांचा समज असतो, तो चुकीचा आहे. एका बिंदूपाशी घर्षण सुटते आणि तेथून ते सुटणे, जुन्या धोतराला एकदा फाट लागली म्हणजे ती टरकत जावी तसे, चिरीच्या अंगाने धावत सुटते. अवसरीहून पुण्यापर्यंत अशी चीर उकलली असती, तर वीस-पंचवीस सेकंदांत काम आटोपले असते. भूकंप किती मोठा, हे किती लांबी फाटली आणि दोन्ही अंगे किती सरकली यांवर ठरते: सहा प्रतीच्या भूकंपात दहा-पंधरा किलोमीटरांची चीर हात-दीड हात सरकते, आठ प्रतीच्या भूकंपात ती शेकडो किलोमीटर लांब आणि कित्येक मीटर सरकलेली असते, आणि प्रत एकाने वाढली की बाहेर पडणारी शक्ती सुमारे बत्तीसपट होते.

कोयनेचा खरा वाद मात्र वेगळाच होता. शिवाजीसागर जलाशयात १९६२ च्या सुमारास पाणी साठू लागले आणि थोड्याच काळात परिसरात लहान लहान धक्के जाणवू लागले; पूर्वी तेथे तसे कोणाच्या अनुभवास नव्हते. भूकंप धरणाने आणला काय? लोक म्हणाले, शंभर टीएमसी पाण्याच्या वजनाने जमीन दबली. ही कल्पना सहज सुचणारी असली तरी मुख्य कारण ते नव्हे. पाच किलोमीटर खोलीवर वरच्या खडकाचाच भार दर चौरस सेंटिमीटरला तेराशे किलोंहून अधिक असतो, आणि शंभर मीटर खोल पाण्याचा भार भरतो अवघा दहा किलो. एवढ्याने काय दबणार? पण पाणी नुसते वर बसून राहत नाही, ते सांध्यांतून खोल मुरते, आणि त्याचा दाब चिरीच्या फटीत शिरून दोन्ही अंगांना आतून किंचित दूर रेटतो. ज्या दाबाने ती अंगे एकमेकांवर घट्ट बसलेली असतात तो दाब तेवढ्यापुरता कमी झाला की घर्षणही कमी होते. ओल्या फरशीवरून पाय घसरतो त्याहून हे थोडे निराळे आहे: येथे पाणी चिरीला निसरडी करीत नाही, ते तिची पकड सैल करते. आणि चीर आधीच सुटण्याच्या बेतात असेल तर दहा किलोंची सैलीही पुरते. थकबाकी लाखाची, ती हिमालयाच्या दाबाने शतकानुशतके साचलेली. पाणी म्हणजे दावा लावणारा सावकार नव्हे, समन्स घेऊन आलेला पट्टेवाला होय. तेव्हापासून आजवर त्या टापूत पाच प्रतीहून मोठे वीसांहून अधिक धक्के झाले, आणि पावसाळ्यात जलाशय भरण्याचा व पुढे उतरण्याचा त्या धक्क्यांच्या वाढण्याशी मेळ बसतो हे भूवैज्ञानिकांनी दाखवून दिले. एकाच लहानशा टापूत इतकी वर्षे चाललेली अशी दुसरी प्रयोगशाळा जगात नाही.

प्रयोगशाळा हा शब्द मी अलंकार म्हणून वापरला नाही. केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने कराडजवळ हजारमाची येथे यासाठीच एक संस्था उभारली आणि कोयनेच्या परिसरात खोल छिद्रे घेतली. रासाटी येथे ९३२ मीटरपर्यंत काळा पाषाण लागला आणि त्याखाली एकदम ग्रॅनाइटी खडक. गोठणे येथे छिद्र ३ किलोमीटरपर्यंत नेण्यात आले. दहा मजली घराएवढ्या विहिरीची कल्पना करणाऱ्याने तशा शंभर विहिरी एकीखाली एक मांडाव्यात. हेतू हा की, जेथे चीर सरकते तेथल्या खडकाची उष्णता, दाब, पाणी यांची प्रत्यक्ष मोजदाद व्हावी. आजवर आपण प्रस्तरभंगाची कैफियत दूरवरच्या लहरींकडून, म्हणजे ऐकीव पुराव्यावर, लिहून घेत आलो; साक्षीदाराच्या घरी जाऊन जबानी घेण्याचा हा एक मोठा प्रयत्न आहे.

किल्लारीबद्दल लिहिताना लेखणी जड होते. २९ सप्टेंबर १९९३ ची अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून लोक उशिरा घरी आले, दमून झोपले, आणि ३० तारखेच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांच्या सीमेवरची गावेच्या गावे माळवदांखाली गाडली गेली. सरकारी गणनेप्रमाणे आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. भूकंपाची प्रत सव्वासहाच्या आत-बाहेर, म्हणजे कोयनेएवढीच. सर्वनाश मात्र कितीतरी पट, कारण चीर अगदी वर, जमिनीपासून थोड्याच किलोमीटरांवर सरकली, आणि तिच्या डोक्यावर अनघड दगड व चिखल यांच्या दोन-तीन फूट रुंद भिंती, त्यांवर लाकडाच्या तुळया आणि त्यांवर मातीचा जाड थर अशी घरे उभी होती. मराठवाड्याच्या उन्हात हे माळवद थंडावा देते, आणि वडिलांनी घातलेला मातीचा थर मुलगा दर काही वर्षांनी आणखी जाड करतो. त्या मायेच्या मातीनेच घात केला.

नंतर किल्लारीजवळच्या शेतांत जे दिसले ते पाहिल्यावर प्रस्तरभंगाची व्याख्या पुन्हा वाचण्याची गरज उरत नाही. काळ्या रानातून एक उंचवटा उठलेला होता, काही ठिकाणी दोन फुटांच्या आसपास. पिकाच्या सरळ ओळी त्याच्यावर चढून मोडल्या होत्या, मातीची ढेकळे एकमेकांवर रचली गेली होती, जशी सतरंजी एका टोकाने ढकलली असता मध्ये तिची वळी उठते. खालचा खडक दोन्हीकडून दाबला गेला, एक खंड दुसऱ्यावर चढला, आणि वरची मऊ माती न तुटता दुमडली. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने तेथे खोल छिद्र घेतले, तेव्हा लाव्ह्याचे थर ३३८ मीटरांवर संपले आणि पुढे पुरातन खडक लागला. झाकण कोयनेहून पातळ निघाले, पण गोष्ट तीच निघाली. आणि ज्या गोष्टीचा आम्हा सर्वांस संताप यावयास हवा ती ही की, भूकंपप्रवणतेच्या त्या वेळच्या सरकारी नकाशात लातूरचा हा मुलूख पहिल्या विभागात, म्हणजे सर्वांत निर्धोक गणलेल्या विभागात होता. आदल्या वर्षी, १९९२ च्या पावसाळ्यानंतर, तेथे लहान धक्के जाणवले होते; लोकांनी ते सांगितलेही होते. नकाशा मात्र त्यांचे ऐकत नव्हता. २००२ साली नकाशा सुधारला तेव्हा पहिला विभागच रद्द करण्यात आला, आणि भारतात निर्धोक अशी जमीन कागदावरही उरली नाही.

भूमीचे रूप प्रस्तरभंगाने कायमचे बदलते याचे आपल्या शेजारचे सर्वांत भव्य उदाहरण कच्छमध्ये आहे. पेशवाई बुडाल्याच्या दुसऱ्याच वर्षी, १६ जून १८१९ रोजी, तेथील रणात भूकंप होऊन पन्नास मैलांच्या आसपास लांबीचा आणि दहा-वीस फूट उंचीचा एक मातीचा बांध रातोरात उठला, सिंधूची एक जुनी शाखा अडली आणि सिंद्रीचा किल्ला पाण्यात गेला. मनुष्याने न बांधलेला म्हणून लोकांनी त्यास अल्लाबंद हे नाव दिले. चार्ल्स लायल याने त्याचे वर्णन आपल्या भूशास्त्राच्या ग्रंथात घेतले, आणि भूकंपाने जमीन उचलली जाते याचा तो युरोपीय पंडितांपुढचा पहिल्या प्रतीचा दाखला ठरला.

पुन्हा आपल्या घोड नदीच्या खोऱ्याकडे येऊ. भीमाशंकराच्या डोंगररांगांतून निघून ही नदी आग्नेयीकडे शिरूरच्या दिशेने जाते, आणि उपग्रहांच्या छायाचित्रांत पठारावर ज्या लांबच लांब सरळ रेषा उमटतात त्यांत घोड नदीची रेषा आणि कुर्डुवाडीची रेषा यांची नावे भूवैज्ञानिकांच्या लेखनात वारंवार येतात. नदी उगाच सरळ जात नाही. खडक जेथे दुबळा, तेथे ती वाट कोरते. परंतु दुबळेपणा निव्वळ सांध्यांचाही असू शकतो, आणि प्रत्येक सरळ रेषेस प्रस्तरभंग ठरवून वर्तमानपत्रांत घबराट उडविणे हा उतावळेपणा होय. हीच चूक एके काळी मोठ्या प्रमाणावर झालेली आहे. नाणेघाटाच्या कड्यावर उभे राहून कोकणात डोकावणाऱ्यास ती अडीच हजार फुटांची उभी भिंत म्हणजे साक्षात भूमी खचल्याची खूण वाटते, आणि जुन्या पुस्तकांत तसे लिहिलेही आहे. आज बहुतेकांचे मत असे की, पश्चिमेकडचा मुलूख भंगून समुद्रात गेला खरा, पण तो भंग कड्यापासून दूर पश्चिमेस होता, आणि कोट्यवधी वर्षांच्या पावसाने कडा झिजत झिजत मागे, पूर्वेकडे सरकत आला. कोकणात पनवेलच्या बाजूला तेच लाव्ह्याचे थर, जे येथे जुन्नरास आडवे आहेत, समुद्राकडे कललेले दिसतात. जमीन तेथे तुटण्याआधी वाकली. वज्रेश्वरीपासून राजापूरपर्यंत उत्तर-दक्षिण ओळीने फुटणारे गरम पाण्याचे झरे खाली खोल चिरी असल्याचे सुचवितात, एवढे मात्र सर्वांस मान्य आहे.

आंबेगाव तालुक्यातीलच माळीण हे गाव ३० जुलै २०१४ रोजी दरडीखाली गेले, दीडशेहून अधिक माणसांसह. त्यानंतर कित्येकांनी मला विचारले की, तोही प्रस्तरभंगच काय? नव्हे. तेथे पावसाने भिजलेला डोंगरउताराचा मातीमुरुमाचा थर घसरला. भूकवचाचा त्यात काही संबंध नव्हता. पाण्याचा दाब पकड सैल करतो, हे तत्त्व तेवढे दोन्हीकडे सारखे.

पुणे जिल्हा भूकंपप्रवणतेच्या २००२ च्या नकाशात तिसऱ्या विभागात आहे, कोयनेचा टापू चौथ्यात. तिसरा म्हणजे मध्यम धोक्याचा, म्हणजे घाबरण्यासारखे नसले तरी नव्या घराला पायापासून छतापर्यंत लोखंडी पट्टे घेण्याचा खर्च वाचवू नये असा.

आंबेगाव-जुन्नरच्या शेतकऱ्यांस एक विनंती आहे. यंदा विहीर खणाल तेव्हा कडे बांधून काढण्यापूर्वी एकदा तांबडा थर चारी बाजूंनी नीट पाहा. चिरीच्या दोन्ही अंगांना तो एका पातळीत असला तर प्रश्नच मिटला. एका अंगाला वर आणि दुसऱ्याला खाली दिसला, तर मोजपट्टी धरून छायाचित्र काढा, गट नंबर आणि खोली लिहून ठेवा, आणि अवसरी खुर्दच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात किंवा पुण्यातील भूशास्त्र शिकविणाऱ्या एखाद्या महाविद्यालयात कळवा. सिमेंटचे कडे एकदा बसले की तो पुरावा कायमचा दप्तरदाखल होतो.